तुम्ही विचारलंत म्हणून: रानभाज्यांच्या रेसिपी लिहून का ठेवत नाही?

मी जव्हारकडची वारली, हे कळलं की पावसाळ्यात हमखास विचारणा होते: "तुमच्याकडच्या बायकांना एवढ्या रानभाज्या माहीत, मग रेसिपी लिहून का ठेवत नाही? पुढच्या पिढीला कळणार कसं?" विचारणाऱ्याला कळकळ असते, म्हणून नीट सांगते.

शेवळाचंच बघा. पहिल्या पावसात जमिनीतून नुसता जांभळट कोंब वर येतो, पानाचा पत्ता नसतो. तो कुठल्या बांधाला येतो हे आजीच्या मागून रान तुडवणाऱ्या पोरीलाच माहीत होतं. घरी आणून वरचं साल काढायचं, आतला पिवळा भाग खुडून टाकायचा. तो राहिला तर घसा असा खाजतो की पाणीही गिळवत नाही. मग काकडं, म्हणजे काकड झाडाची फळं, ठेचून त्यांचा आंबट रस घालायचा. ठाण्या-वसईच्या बाजारात शेवळाच्या जुडीबरोबर काकडं मिळतात, ती याचसाठी. रस किती घालायचा ते आजी सांगत नाही. शेवळं पोरीच्या पुढ्यात टाकते आणि बघत बसते. पिवळा भाग राहिला की हातावर चापट.

कडूकंद त्याहून अवघड. राख घालून उकडायचा, पातळ काप करायचे, टोपलीत भरून रात्रभर ओहोळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे. सकाळी एक काप जिभेवर ठेवून बघायचा. इतपत कडवटपणा चालतो की टोपली परत पाण्यात सोडायची, हे आईच्या शेजारी बसून चाखल्याशिवाय कळत नाही. कंद खणताना वेलाकडचा तुकडा पुन्हा मातीत पुरायचा, हेही खणता खणताच सांगितलं जातं, कारण पुढच्या वर्षी तिथंच यायचं असतं.

म्हणजे त्या दिवसांत पोरगी घरी हवी. आणि नेमकी तेव्हाच ती नसते. शेवळं येतात जूनमध्ये, त्याच महिन्यात आश्रमशाळा उघडतात आणि मुली वसतिगृहात जातात. कंद खणायचे दिवाळीनंतर, तेव्हा कितीतरी घरं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. आजी गावात, नात भट्टीवर. मुलींनी शिकायलाच हवं. मी शिकले म्हणून आज हे लिहिते आहे. पण त्या वेळापत्रकात आजीला जागाच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कृषी विभाग ९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या सुमाराला रानभाजी महोत्सव भरवतो. चांगलंच आहे, बायकांना चार पैसे मिळतात, मान मिळतो. पण तोवर शेवळं संपलेली असतात.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. महादेव कोळी समाजातल्या राहीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी जपलेलं गावठी बियाणं लोक नेतात, पेरतात, खातात, म्हणून ते टिकून आहे. भाज्यांचंही तसंच व्हायला हवं.

पुस्तक काढायचं तर जरूर काढा, मी मदत करीन. पण माझी मागणी वेगळी आहे. जूनमध्ये शाळा उघडल्या उघडल्या आश्रमशाळांनी मुलींना दोन दिवस गावातल्या आज्यांबरोबर रानात पाठवावं, आज्यांना त्याचं मानधन द्यावं आणि आणलेली भाजी मुलींकडूनच निवडून घेऊन शाळेच्या जेवणात वाढावी. तुमच्या ओळखीत आश्रमशाळेत शिकवणारं कुणी असेल, तर त्यांच्याशी एवढं बोलाच.