चारही चाकांची ताकद आणि हिवाळी टायर

टोरांटोच्या परिसरात नव्याने स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात गाडी घेण्याचा विषय निघाला की कोणीतरी जुनाजाणता माणूस हमखास सांगतो, "इथे बर्फ फार, तेव्हा ऑल-व्हील-ड्राइव्हच घ्या." हा सल्ला चुकीचा नाही. मात्र त्याला जोडून "म्हणजे हिवाळी टायरांचा खर्च वाचेल" असेही सांगितले जाते, आणि ते मला अजिबात मान्य नाही. दक्षिण ओंटारिओतील हिवाळ्यासाठी अशा गाडीला कोणते टायर घ्यावेत, याविषयी मी जे वाचले, तपासले आणि वापरून पाहिले, ते येथे मांडत आहे.

ऑल-व्हील-ड्राइव्ह यंत्रणा इंजिनाची ताकद चारही चाकांपर्यंत पोहोचवते, त्यामुळे बर्फ साचलेल्या ड्राइव्हवेवरून गाडी बाहेर काढणे किंवा चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणे सोपे जाते. ब्रेक मात्र प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतात. गाडी किती अंतरात थांबेल हे टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणावर ठरते आणि त्यात या यंत्रणेचा काडीचाही वाटा नसतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी घेऊ. घर्षणांक (टायरची रस्त्यावर पकड किती हे सांगणारा अंक) ०.३ असेल, म्हणजे दाबल्या गेलेल्या हिमावर बऱ्यापैकी पकड मिळत असेल, तर ब्रेक लागल्यापासून ती सुमारे ३३ मीटरमध्ये थांबते. तोच अंक ०.२ वर आला तर ४९ मीटर लागतात, आणि ०.१ वर, म्हणजे निसरड्या बर्फावर, ९८ मीटर. चालकाला धोका लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत कापले जाणारे अंतर यात धरलेले नाही. वळणावरही हाच नियम लागू होतो, कारण गाडीला बाहेर फेकले जाण्यापासून रोखणारे बलही टायरच्या त्या तळहाताएवढ्या चार स्पर्शक्षेत्रांतूनच येते.

माझ्या मते खरा धोका याहून थोडा वेगळा आहे. साध्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे टायर झिजलेले असले तर ती घराबाहेर पडतानाच कुरकुरते: चाके जागच्या जागी फिरतात, पॅनेलवर घसरणीचा दिवा लुकलुकतो आणि रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला पहिल्या सिग्नलपाशीच कळते. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी त्याच रस्त्यावर काहीही न दाखवता सहज वेग घेते आणि पकड किती कमी आहे हे पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावरच समजते. म्हणून पैसे मोजकेच असतील आणि दोहोंपैकी एकाचीच निवड करायची असेल, तर मी पुढच्या चाकांची गाडी घेऊन तिला चार उत्तम हिवाळी टायर बसवीन.

टायरांच्या दुकानात तीन प्रकार समोर ठेवले जातात. गाडीबरोबर येतात ते बहुधा ऑल-सीझन. नाव सर्व ऋतूंचे असले तरी तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्यांचे रबर कडक होऊ लागते आणि पकड घटते. त्यांच्या कडेला बहुधा 'एम प्लस एस', म्हणजे चिखल आणि बर्फ, अशी अक्षरे असतात. ती केवळ खाचांच्या रचनेविषयी असतात. त्यांसाठी बर्फावरची कोणतीही चाचणी द्यावी लागत नाही. दुसरा प्रकार ऑल-वेदर, जो वर्षभर ठेवता येतो, आणि तिसरा खास हिवाळी टायर. या दोन्हींवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह असते आणि ते मिळण्यासाठी दाबलेल्या हिमावर एका प्रमाणित टायरच्या तुलनेत ठरावीक प्रमाणात अधिक पकड सिद्ध करावी लागते. मात्र उत्तर अमेरिकेतील ही चाचणी प्रामुख्याने गाडीला पुढे रेटणाऱ्या पकडीची असते, तीही हिमावरची. गोठलेल्या पाण्यावर ब्रेक लावल्यास काय होईल, हे ते चिन्ह सांगत नाही. त्यामुळे चिन्ह आहे म्हणून दोन्ही प्रकार सारखे, असे समजू नये.

हा फरक आपल्या भागात विशेष महत्त्वाचा ठरतो. बर्फ सर्वांत निसरडा असतो तो शून्य अंशाच्या आसपास, जेव्हा त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे वीसमध्ये तोच बर्फ अधिक पकड देतो. टोरांटो, मिसिसागा किंवा हॅमिल्टनमध्ये हिवाळाभर पारा शून्याच्या वरखाली होत राहतो, दुपारी वितळलेले पाणी रात्री पुन्हा गोठते आणि मधूनच गोठणारा पाऊसही पडतो. खास हिवाळी टायरांतील मऊ रबर, त्यावरचे असंख्य बारीक काप आणि ब्रिजस्टोनच्या ब्लिझॅकसारख्या टायरांतील सूक्ष्म छिद्रे हा पाण्याचा थर बाजूला सारण्यासाठीच असतात. ताज्या हिमाचे गणित निराळे आहे: तिथे खाचांत हिम दाबून भरले जाते आणि हिमावर हिम चांगले धरते, म्हणून हिवाळी टायर हिमाने माखलेला दिसला तर ते त्याचे काम चालू असल्याचेच लक्षण आहे.

ज्यांचे फिरणे शहरातच आहे, घरून काम करण्याची सोय आहे आणि वादळाच्या दिवशी गाडी न काढण्याची मुभा आहे, त्यांना ऑल-व्हील-ड्राइव्हवर मिशेलिन क्रॉसक्लायमेट किंवा नोकियनच्या ऑल-वेदर टायरांपैकी एखादा संच पुरेसा वाटतो. मात्र रोज पहाटे ४०१ क्रमांकाच्या महामार्गावरून कामावर जाणारे, किंवा जॉर्जियन बेवरून येणाऱ्या हिमझोतांत ४०० क्रमांकाच्या महामार्गाने बॅरीकडे जाणारे यांनी खास हिवाळी टायरच घ्यावेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. खिळे असलेल्या टायरांचा विचार येथे करण्याचे कारण नाही. ओंटारिओत त्यांना केवळ उत्तर भागात परवानगी आहे.

कायदा प्रांतानुसार बदलतो. क्वेबेकमध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि ऑल-व्हील-ड्राइव्हला त्यातून सूट नाही. ओंटारिओत सक्ती नाही, परंतु १ जानेवारी २०१६ पासून हिवाळी टायर बसवणाऱ्यांना विमा कंपन्यांनी हप्त्यात सवलत देणे बंधनकारक आहे. ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते. अनेक जण मागत नाहीत, याचे मला नवल वाटते.

ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांची एक अट साध्या गाडीपेक्षा कडक आहे: चारही टायर एकाच बनावटीचे, एकाच मापाचे आणि जवळजवळ सारखेच झिजलेले असावे लागतात. एक टायर इतरांहून अधिक झिजला की त्याचा परीघ कमी होतो, ते चाक सतत किंचित जास्त वेगाने फिरते आणि पुढच्या व मागच्या चाकांना जोडणारा क्लच किंवा डिफरन्शिअल विनाकारण तापत राहते. सुबारू या परिघांत पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६.४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा असे सांगते. खाचांची खोली एक मिलिमीटरने घटली तरी परीघ ६.३ मिलिमीटरने कमी होतो, हे लक्षात घेतले की ही मर्यादा किती तंग आहे ते कळते. म्हणून दोनच नवे टायर घेऊन भागवणे किंवा पंक्चर झालेल्या जागी भलताच टायर लावून महिनोन्महिने फिरणे, या दोन्ही काटकसरी अखेरीस महागात पडतात. पुढच्या-मागच्या टायरांची अदलाबदल ठरावीक अंतराने करण्याचे कारणही हेच.

माप निवडताना शक्य असेल तर एक इंच लहान रिम घ्यावी. मापातील पहिला आकडा टायरची रुंदी (मिलिमीटरमध्ये), दुसरा भिंतीची उंची (रुंदीच्या टक्क्यांत) आणि शेवटचा रिमचा व्यास (इंचांत) सांगतो. गाडीवर २२५/५५आर१८ असतील आणि निर्मात्याने २२५/६०आर१७ हे मापही मान्य केलेले असेल, तर बाहेरील व्यासात जेमतेम तीन मिलिमीटरचा फरक पडतो, टायर स्वस्त मिळतो आणि त्याची उंच भिंत खड्ड्यांचे धक्के अधिक सोसते. लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला (चाकाच्या आत ब्रेकची चकती दाबून धरणाऱ्या भागाला) घासत नाही ना, एवढे दुकानदाराकडून तपासून घ्यावे. स्वतंत्र लोखंडी रिमांवर बसवलेला हिवाळी संच सुरुवातीला खर्चिक वाटतो, पण दर मोसमात टायर रिमवरून काढून पुन्हा चढवण्याची मजुरी वाचते आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठाने खराब होणाऱ्या चांगल्या अलॉय रिमाही वाचतात.

विकत घेताना टायरच्या भिंतीवरील चार आकडे पाहावेत. ३५२४ म्हणजे २०२४ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. भारवहन निर्देशांक (टायर किती वजन पेलू शकतो हे सांगणारा अंक) गाडीच्या दारावरील पट्टीत दिला आहे त्यापेक्षा कमी नसावा. टायर बदलण्याची वेळ दसरा-दिवाळीच्या सुमारास घेऊन ठेवावी, कारण पहिले हिम पडल्यावर दुकानांत आठवडेच्या आठवडे जागा मिळत नाही. चाके बदलल्यानंतर सुमारे १०० किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकेच आवळणाऱ्या पान्याने, तपासून घ्यावेत. थंडीत हवाही घटते. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की दाब साधारण एक पीएसआयने (टायरमधील हवेचा दाब मोजण्याचे एकक) कमी होतो, तेव्हा महिन्यातून एकदा सकाळी, गाडी थंड असताना, तो मोजावा. एप्रिलमध्ये संच उतरवताना प्रत्येक चाकावर त्याची जागा खडूने लिहावी आणि खाचांची खोली मोजून ठेवावी. ती चार मिलिमीटरच्या खाली गेली असेल, तर टायर कायद्याने चालण्याजोगे असले तरी पुढच्या हिवाळ्यासाठी नवे चार पाहायला लागावे.