बाप अंगणात येतो

रविवार, रात्र

कुटुंब शिबिराचे विषय ठरवायला बसलं की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बोट थेट बायबलातल्या इफिसकरांस पत्राच्या पाचव्या-सहाव्या अध्यायावर पडतं. नवऱ्याने कसं वागावं, बायकोने कसं, मुलांनी ऐकावं. ‘बापांनो, मुलांना चिडीस आणू नका’ हेही तिथेच आहे, पण ते घाईत उरकलं जातं. यंदा मी म्हटलं, आधी तिसरा अध्याय वाचू. पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे देवपित्यापुढे गुडघे टेकतो, पृथ्वीवरच्या प्रत्येक घराण्याला नाव त्याच्यावरून मिळालं म्हणतो. म्हणजे घरच्या बापावरून देवाचा अंदाज बांधायचा नाही. देवाकडे बघून बापाने स्वतःला जोखायचं. ज्याचा बाप रोज पिऊन यायचा, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. असाच एक तरुण घरभेटीत म्हणाला, “काका, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणताना माझी जीभच वळत नाही.” मी समजावत बसलो नाही. लूकच्या शुभवर्तमानाचा 15वा अध्याय काढून दिला.

घरी येऊन मीही तो वाचला. त्यात येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला आहे: धाकटा आपली वाटणी घेऊन जातो, उधळून परत येतो आणि बाप मेजवानी घालतो. तो आपण धाकट्याच्या गळ्यात पडणाऱ्या बापापाशी थांबवतो. 28वी ओवी (वचन) राहून जाते. थोरला रुसून बाहेर उभा आहे. आत वाजवणं-नाचणं चाललंय, आणि घरचा कर्ता ते सोडून बाहेर येतो, मुलाच्या विनवण्या करतो. एकाच दिवशी दोघा मुलांसाठी दोनदा घराबाहेर! थोरला तर ‘माझा भाऊ’सुद्धा म्हणत नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. तरी बाप त्याला ‘बाळा’च म्हणतो. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलंच नाही. आमच्या बाकांवर बसतात ते बहुतेक थोरलेच, म्हणून शिबिराचा पहिला पाठ हाच.

दुसरा पाठ, बायबलातलं स्तोत्र 68. पोरक्यांचा पिता असलेला देव तिथे लगेच पुढच्या ओवीत एकट्यांना घर देतो. हे वाचलं की मला पंडिता रमाबाईंचं पुणे जिल्ह्यातलं केडगाव आठवतं. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं. 1874च्या सुमारास दुष्काळाच्या हालांत आईवडील दोघंही गेले. पुढे 1896-97च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन पोरक्या मुली घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला ‘मुक्ती’ हे आश्रयाचं घर उभं राहिलं. नवरा-बायको-दोन मुलं या चौकटीत ते घर कधीच बसलं नसतं. कुटुंब सेवा म्हणून मला तरी याहून मोठं उदाहरण सुचत नाही.

आमच्या नावनोंदणीच्या फॉर्मवर मात्र अजून ‘पती’ आणि ‘पत्नी’ असे दोनच रकाने. ते काढा म्हटल्यावर सचिव कुरकुरले. वर्गणी कुटुंबामागे घेतो, मग एकट्या विधवा बाईला कुटुंब धरायचं का, हा त्यांचा प्रश्न.

धरायचं, म्हटलं.