लोणंदच्या पुढची दुपार

आळंदी, पुणे, दिवेघाट, सासवडचे दोन मुक्काम, जेजुरीचा भंडारा, सगळं आता एकात एक मिसळून गेलंय. नीरेला माउलींच्या पादुकांचं स्नान झालं, तेव्हा मी टँकरच्या रांगेत भांडत होतो.

लोणंद सोडलं आणि टाचेवरचा फोड फुटला. त्यात पोटरीत गोळे. ते उन्हामुळे नव्हे, इमॅटिनिबमुळे, माझ्या आजारावरच्या गोळीमुळे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. २००१ साली हे औषध आलं, त्याआधी याचं नाव ऐकलं की घरचे हाय खायचे. आता रोज ४०० मिलिग्रॅमची एक गोळी घेऊन माणसं नोकरीही करतात. भावाचा मुद्दा नेमका हाच: "करता येतेय ना? मग सोडतोस कशाला?" बँकेची नोकरी, तिच्यासोबतचा ग्रुप विमा, पुढचं प्रमोशन. आणि मी राजीनामा देऊन रात्रशाळेत गणित शिकवणार, नावापुरत्या मानधनावर! त्याचं चुकत नाही. दर तीन महिन्यांची रक्ततपासणी काही विठ्ठल भरत नाही.

एका ट्रकच्या सावलीत टेकलो. शेजारी दुसऱ्या दिंडीतली एक मावशी तुळस उतरवून बसली होती.

"माउली, पाय दावा बरं."

तिने पिशवीतून सुई-दोरा काढला. दुसऱ्या टाचेवरचा फोड अजून टम्म होता, त्यातून ओवायचा तिचा बेत. मी पाय मागे घेतला. जंतुसंसर्ग झाला तर, वगैरे सांगितलं, जरा तुसडेपणानेच. शेवटी आजाराचं नावही सांगितलं. आता हळहळ ऐकावी लागणार, अशी तयारी ठेवली होती.

"गोळी जेवून घ्यायची का उपाशी?"

"जेवून. वर भरपूर पाणी."

"मग जेवला का?"

नव्हतो जेवलो. तिने सुई पदराच्या टोकाला टोचून ठेवली, फडक्यातली भाकरी मोडली, ठेचा बाजूला सारून माझ्यापुरती चटणी वेगळी काढली. "तिखट सोसंना तर नका घेऊ." गोळी गिळेपर्यंत तांब्या हातात धरून समोर उभी राहिली. मग स्वच्छ पाण्याने टाच धुऊन तिच्याच धुतलेल्या लुगड्याची चिंधी बांधली. चिंधी घट्ट झाली होती. मी कुरकुरलो, तिने सैल केली नाही.

तेवढ्यात पुढे चांदोबाच्या लिंबाजवळ एकदम गलका उठला. उभं रिंगण. अश्व धावला असणार. मला दिसला तो फक्त ट्रकचा मागचा फाळका. इतकी पायपीट करून रिंगण चुकलं म्हणून डोळ्यांत पाणी आलं, नि रागही आला.

मावशीने तुळस डोक्यावर घेतली. "पुढं सदाशिवनगरला हाय की गोल. चला."

तरडगावच्या वाटेवर भावाचा फोन आला. राजीनामा अजून मंजूर झालेला नाही, साहेब मागे घेऊ देतील, म्हणाला. मी म्हटलं, सोमवारी नव्हे, आजच मंजूर करायला सांग. तो चिडला. मीही चिडलोच होतो, चिंधी रुतत होती.