प्रोसेसर ६४ बिटचा, दार मात्र ३२ बिटचं: जुन्या मॅकबुकवर लिनक्स टाकताना

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगून टाकते. तुमच्याकडे २००६ किंवा २००७ सालचा इंटेलवाला मॅक असेल आणि त्यावर लिनक्स टाकायचं मनात असेल, तर पेनड्राइव्ह हातात घेण्याआधी त्याचं फर्मवेअर (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं, आतच बसवलेलं सॉफ्टवेअर) किती बिटचं आहे ते बघा. प्रोसेसरचं विचारत नाहीये, फर्मवेअरचं. एवढी एक ओळ मला कुणी आधी सांगितली असती, तर माझ्या चार संध्याकाळी वाचल्या असत्या.

माझा मॅकबुक २००७ चा, पांढऱ्या प्लॅस्टिकचा. सिस्टिमच्या माहितीत त्याचं नाव ‘मॅकबुक २,१’ असं दिसतं. माझा अख्खा प्रबंध मी याच्यावर लिहिला. मनगट टेकून टेकून पुढच्या कडेला प्लॅस्टिकची कपची उडाली आहे, पण कीबोर्ड अजून एकदम झकास चालतो. अडचण सॉफ्टवेअरची होती. मॅक ओएस टेन १०.७ च्या पुढे हे मशीन जात नाही आणि तिथला जुना ब्राउझर आजच्या निम्म्याअधिक साइट उघडतच नाही. एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं, तर त्याने झाकणही उघडलं नाही. “भंगारात द्या, यात आता काही राम नाही.” ते वाक्य मला फार लागलं. चालू मशीनला असं कसं म्हणवतं?

तर पहिली संध्याकाळ. एका नावाजलेल्या डिस्ट्रोची, म्हणजे लिनक्सच्या तयार संचाची, आयएसओ फाइल (इन्स्टॉल डिस्कची अख्खी प्रत) उतरवली. तिच्या पानावर गरजा लिहिल्या होत्या: ६४ बिटचा प्रोसेसर, २ जीबी रॅम. माझ्याकडे कोअर टू ड्युओ, म्हणजे ६४ बिटचाच, आणि रॅमही तेवढी होती. निर्धास्तपणे पेनड्राइव्ह लिहिला, मॅक चालू केला, तो ‘ढँग’ असा आवाज आल्याबरोबर ऑप्शनची कळ दाबून धरली. पडद्यावर फक्त आतल्या डिस्कचं चित्र आलं. पेनड्राइव्हचा पत्ताच नाही.

मला वाटलं पेनड्राइव्ह खराब असेल. दुसरा घेतला, मग तिसरा. लिहिण्याचा प्रोग्रॅम बदलला. एकदा ‘विंडोज’ नावाचं चित्र दिसलं म्हणून आनंदाने ते निवडलं, तर काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आणि पुढे लुकलुकणारी रेघ. हे का झालं ते आता कळतं. जुन्या पद्धतीचं फर्मवेअर, म्हणजे बायोस, या मॅकमध्ये नक्कल करून चालवलेलं असतं आणि ती नक्कल आतली डिस्क आणि डीव्हीडी एवढ्यांनाच ओळखते. यूएसबीवरून त्या वाटेने जाताच येत नाही. त्या दिवशी मात्र मी तीच तीच पेनड्राइव्ह काढत-घालत बसले होते.

दुसऱ्या संध्याकाळी डीव्हीडी. ड्राइव्ह घरघरली, पडदा काळा झाला आणि वरच्या कोपऱ्यात दोन आकडे आले, ‘१.’ आणि ‘२.’, आणि त्याखाली ‘सिलेक्ट सीडी-रॉम बूट टाइप’. पर्यायांना नावं नाहीत, नुसते आकडे. मी १ दाबला, काही नाही. २ दाबला, काही नाही. एंटर, एस्केप, मग बाहेरचा कीबोर्ड जोडून पुन्हा सगळं. मशीन ढिम्म हललं नाही. बंद करून चालू केलं की पुन्हा तेच दोन आकडे. तिसरी संध्याकाळ याच पडद्यासमोर गेली, वेगळी डीव्हीडी, वेगळा वेग, वेगळी डिस्ट्रो, आणि तोच मजकूर. मला त्या दोन आकड्यांचा अक्षरशः राग यायला लागला होता.

(डीव्हीडी आत अडकली तर घाबरू नका. मॅक चालू करताना ट्रॅकपॅडचं बटण दाबून धरा, ती बाहेर येते. माझी दोनदा अशीच काढली.)

चौथ्या संध्याकाळी मी आयएसओ आणि डीव्हीडीचा नाद सोडला आणि मशीनलाच विचारायचं ठरवलं. मॅक ओएस चालू केलं, टर्मिनलमध्ये ‘आयओरेग’ ही आज्ञा देऊन डिव्हाइस ट्रीची, म्हणजे मशीनच्या भागांची, सगळी यादी काढली आणि तिच्यात ‘फर्मवेअर-एबीआय’ शोधलं. समोर उत्तर: ‘ईएफआय३२’, म्हणजे बायोसनंतरच्या पद्धतीचं फर्मवेअर (ईएफआय), पण ३२ बिटचं. चार दिवसांचं कोडं त्या एका शब्दात सुटलं.

प्रोसेसर ६४ बिटचा असला तरी मशीन चालू होताना पहिला ताबा फर्मवेअरकडे असतो. पेनड्राइव्हवर ‘ईएफआय’ नावाच्या फोल्डरात बूटची फाइल असते. ६४ बिटच्या फर्मवेअरला ‘बूटएक्स६४’ लागते, ३२ बिटच्या फर्मवेअरला ‘बूटआयए३२’. माझ्या पेनड्राइव्हवर फक्त पहिली होती. फर्मवेअर दुसरी शोधत होतं, ती सापडली नाही म्हणून त्याने पेनड्राइव्ह दाखवलाच नाही. डीव्हीडीवर बायोसची आणि ईएफआयची अशा दोन बूट नोंदी होत्या. त्या दोन नोंदी बघून हे जुनं फर्मवेअर अडतं आणि तो प्रश्न विचारून तिथेच थिजतं. कळ दाबून उपयोग नव्हताच.

उतरवण्याच्या पानावर ‘६४ बिटचा प्रोसेसर’ लिहिणाऱ्यांनी शेजारी ‘६४ बिटचं फर्मवेअर’ हे शब्द जोडायला काय हरकत होती? त्या आयएसओत ३२ बिटची फाइल नाही हे बनवणाऱ्यांना ठाऊक असतं. जुनी मशीनं घेऊन येणारी माणसं तेच पान वाचून कामाला लागतात आणि शेवटी मशीनच मेलं असं समजून सोडून देतात. मला याचा अजूनही त्रास होतो.

लिनक्सच्या कर्नलकडून, म्हणजे त्याच्या गाभ्याकडून, अडचण नाही. २०१४ मध्ये आलेल्या ३.१५ या आवृत्तीपासून ६४ बिटचा कर्नल ३२ बिटच्या ईएफआयवरून सुरू होऊ शकतो. फक्त दार उघडणारी ती छोटी फाइल सोबत हवी. मी डेबियन या डिस्ट्रोच्या आवृत्ती १२ ची ६४ बिटची नेटइन्स्टॉल आयएसओ (बाकीचं नेटवरून उतरवणारी) घेतली, पेनड्राइव्हवर लिहिली आणि मॅकला लावण्याआधी ती उघडून आत पाहिलं. ‘बूटआयए३२’ आणि ‘बूटएक्स६४’ दोन्ही शेजारी शेजारी होत्या. तुम्ही कुठलीही डिस्ट्रो निवडा, एवढी खात्री करून घ्याच, दोन मिनिटांचं काम आहे. ऑप्शन दाबून मॅक चालू केला आणि पिवळसर डिस्कचं चित्र आलं, खाली ‘ईएफआय बूट’. मी घरात सगळ्यांना बोलावून ते दाखवलं.

इन्स्टॉल होताना सांगण्यासारखं काही झालं नाही. वायफाय आपोआप सापडलं, कारण या मॉडेलमधल्या एथेरॉस कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. नंतरच्या बऱ्याच मॅकमध्ये ब्रॉडकॉमचं कार्ड असतं आणि त्याला वेगळा ड्रायव्हर किंवा फर्मवेअर लागतं, म्हणून तिथे नेटची केबल किंवा फोनचं टेदरिंग जवळ ठेवा.

एक मात्र मी विसरले, तुम्ही विसरू नका. या मॉडेलचा कॅमेरा लिनक्सवर चालवायला मॅक ओएसच्या आतली ‘अ‍ॅपलयूएसबीव्हिडिओसपोर्ट’ ही फाइल लागते. ‘आयसाइट-फर्मवेअर-टूल्स’ नावाचं साधन तिच्यातून कॅमेऱ्याचं फर्मवेअर काढून घेतं. डिस्क पुसण्याआधी ती फाइल कॉपी करून ठेवा. मी पुसून मोकळी झाले होते. नशिबाने जुनी डिस्क कपाटात होती.

जुनी डिस्क कपाटात होती कारण मी आधीच एसएसडी बसवली होती. हे काम इतकं सोपं आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. नाण्याने खालची बॅटरी उघडायची. आत इंग्रजी एल आकाराची धातूची पट्टी दिसते, तिचे तीन स्क्रू काढायचे. पट्टी निघाली की एका बाजूला रॅमच्या दोन जागा, दुसऱ्या बाजूला डिस्कची पांढरी पट्टी. ती ओढली की डिस्क हातात येते. डिस्कच्या चौकटीचे स्क्रू टॉर्क्स टी८ चे आहेत, तेवढा पाना आधी आणून ठेवा. रॅम डीडीआर२ ची, ४ जीबी लावली तरी चिपसेटच्या मर्यादेमुळे वापरता येते साधारण ३ जीबी. बॅटरी बराच वेळ बाहेर राहिली तर घड्याळ २००१ सालच्या १ जानेवारीवर जातं. ते आधी दुरुस्त करा, नाहीतर सुरक्षित साइट आणि पॅकेजं दोन्ही अडतात.

इन्स्टॉल संपलं, पेनड्राइव्ह काढला, मशीन चालू केलं आणि पांढऱ्या पडद्यावर फोल्डर, त्यात लुकलुकणारं प्रश्नचिन्ह. पुन्हा! पण या वेळी मी बधले नाही. कुठे पाहायचं ते माहीत होतं. डेबियनने ग्रब (चालू होताना लिनक्सला सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) त्याच्या स्वतःच्या नावाच्या फोल्डरात ठेवला होता आणि हे फर्मवेअर ठरलेल्या जागीच बघत होतं. पेनड्राइव्हवरून पुन्हा सुरू केलं, रेस्क्यू मोडमध्ये (बिघडलेलं इन्स्टॉल दुरुस्त करायच्या सोयीत) गेले. दुसरा कन्सोल उघडून ‘एफडब्ल्यू-प्लॅटफॉर्म-साइझ’ ही ‘सिस’खालच्या ‘फर्मवेअर’मधली फाइल वाचली. तिच्यात एकच आकडा होता, ३२. (कन्सोल बदलायला ऑप्शन आणि एफ२ सोबत फंक्शनची कळही दाबावी लागते, नाहीतर पडद्याचा उजेडच कमी-जास्त होतो.) मग रेस्क्यूच्या यादीतला, ग्रब काढता-घालता येणाऱ्या माध्यमाच्या जागी, म्हणजे फर्मवेअर बघतं त्या ठरलेल्या जागी, सक्तीने बसवण्याचा पर्याय निवडला. पुढच्या वेळी पांढरा पडदा अर्धा मिनिट तसाच राहिला आणि मग ग्रबचा मेन्यू आला. ते अर्धं मिनिट आजही लागतं. मी ते दुरुस्त करायच्या फंदात पडले नाही.

हा पर्याय एकदा कायमचा नोंदवून ठेवा, म्हणजे ग्रबचं अपडेट आल्यावर ती प्रतही बदलते: ‘ग्रब-ईएफआय-आयए३२’ हे पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करा आणि तोच प्रश्न आला की हो म्हणा. ज्यांच्याकडे २००६ च्या सुरुवातीचा कोअर ड्युओ आहे, ‘टू’ नसलेला, त्यांचा प्रोसेसरच ३२ बिटचा आहे. त्यांनी डेबियन १२ ची ३२ बिटची आवृत्ती घ्यावी, १३ पासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर निघत नाही.

डेस्कटॉप मी एक्सएफसीई ठेवला. लिहिणं, मेल, वाचन आरामात होतं. ब्राउझरमध्ये पाच-सहापेक्षा जास्त टॅब उघडत नाही आणि व्हिडिओ ४८०पी वरच बघते. पंख्यासाठी ‘एमबीपीफॅन’ बसवलं, आता मशीन मांडीवर घेता येतं.

तो पेनड्राइव्ह मी पुसलेला नाही. त्यावर कागदाची पट्टी चिकटवून ‘पांढरा मॅकबुक, ३२’ असं लिहिलंय आणि तो लॅपटॉपच्या पिशवीतच ठेवते.