बडोद्याच्याच अक्षांशावरची वाळू

ओमानला जायचं आणि स्वतः गाडी चालवत वाळवंटात शिरायचं, असं घरात जाहीर केलं तेव्हा सासूबाईंनी पोथीतून डोकं वर न काढता विचारलं, "चालवणार कोण?"

मी म्हटलं, मी.

"मग तो काय करणार?"

तो, म्हणजे आमचे हे. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. जन्मभर बडोद्यात दांडिया बाजार ते शाळा अशी स्कूटर चालवली, चारचाकीचं लायसन्स काढायचं राहिलं ते राहिलंच. नकाशा मात्र आपल्याइतका कुणाला वाचता येत नाही, असं ह्यांचं ठाम मत आहे. तेव्हा चाक माझ्याकडे आणि नकाशा ह्यांच्याकडे, अशी वाटणी झाली. परदेशातला आमचा हा पहिलाच प्रवास. जवळचा देश हवा होता. मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे आहे, विमान अहमदाबादहून मिळतं, आणि जानेवारीत तिथे हवा छान असते.

कागदपत्रांपैकी व्हिसा ऑनलाइन मिळाला, त्याचं काही सांगण्यासारखं नाही. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिटचं आहे. आरटीओत फॉर्म ४ए भरायचा, फी १००० रुपये, परमिट एक वर्ष चालतं. मी निर्धास्त होते. पण गुजरातेत सगळीकडे आडनाव आधी लिहायची पद्धत, म्हणून माझ्या लायसन्सवर आडनाव, मी, नवरा. आणि पासपोर्टवर मी, नवरा, आडनाव. खिडकीपलीकडच्या भाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं, जणू दोन वेगळ्या बायका आहेत. मग "चालशे" म्हणाले. ह्या एका शब्दासाठी मी बडोदा सोडून कुठे राहायला जाणार नाही.

खरी धास्ती उजव्या बाजूची होती. तिथे वाहनं रस्त्याच्या उजवीकडून जातात आणि स्टिअरिंग डावीकडे. ह्यांनी जेवणाच्या टेबलावर शिकवणी घेतली. मधे तुपाचं भांडं म्हणजे गेंडा सर्कल, चार वाट्या म्हणजे चार रस्ते, आणि मी एक बदाम फिरवायचा. आपण सर्कलला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, तिथे उलटं. आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि तो आपल्या डाव्या हाताने येतो. तीन दिवस बदाम फिरवला, चौथ्या दिवशी सासूबाईंनी खाल्ला.

मस्कतला मध्यरात्री उतरलो. विमानतळावरच्या भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर आरक्षण होतं, परमिट होतं, दोन क्रमांचं नावसुद्धा तिथे कुणाला खटकलं नाही. अडलं कार्डावर. अनामत रक्कम अडवून ठेवायला क्रेडिट कार्ड लागतं आणि ते गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. आमच्या घरी क्रेडिट कार्ड एकच, ह्यांच्या नावाचं. तो मुलगा नम्रपणे म्हणाला, मग गाडी साहेबांच्या नावावर करू, त्यांचं लायसन्स द्या. हे स्कूटरचं लायसन्स काढायला लागले, मी हात धरला. ही अट आरक्षणाच्या कागदावर बारीक अक्षरांत होती, हे नंतर वाचलं. तुम्ही आधी वाचा.

टॅक्सीने हॉटेलात गेलो. सकाळी रुवीत हिंडलो. रुवी म्हणजे मस्कतमधली आपली वस्ती. पाट्या, साड्या, डोसा, सगळं ओळखीचं. तिथल्या एका गल्लीतल्या छोट्या दुकानात रोख अनामतीवर गाडी मिळाली, १५० रियाल. एक रियाल दोनशे रुपयांहून महाग, तेव्हा नोटा मोजून देताना माझी बोटं जड झाली. सुट्ट्या नाण्यांना तिथे 'बैसा' म्हणतात, एका रियालचे १०००. अरबीत 'प' नाही म्हणून आपला पैसाच बैसा झाला आहे. १९७० पर्यंत तिथे रुपयाच चालायचा, हे ह्यांनी त्या दुकानदाराला ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं, भाव कमी केला नाही.

गाडी फोर्च्युनर, ऑटोमॅटिक. रोजच्या वॅगन-आरमधून त्यात चढले तेव्हा गच्चीवर बसल्यासारखं वाटलं. पहिल्याच वळणाला इंडिकेटर द्यायला गेले आणि कोरड्या काचेवर वायपर करकरत सुटले. इंडिकेटरची दांडी डावीकडे, वायपरची उजवीकडे. आपल्या गाड्यांच्या बरोबर उलटं. पुढचे दोन तास मी प्रत्येक वळणावर काच पुसली. बाकी सगळं डोक्यात लवकर बसलं. एक खूण धरली होती: चालवणारा नेहमी रस्त्याच्या मध्याकडे. मध्यरेषा माझ्या खांद्याशी आहे ना, मग मी बरोबर बाजूला आहे. 'उजवीकडे, उजवीकडे' असा ह्यांचा जप मात्र काही कामाचा नव्हता, कारण उजवीकडे वळ की उजवी बाजू धर, हे कळायचं नाही.

वाळवंटाच्या तोंडाशी बिदिया नावाचं गाव आहे, मस्कतहून दोनशे किलोमीटरहून थोडं अधिक. हायवे इतका गुळगुळीत की १२० ची मर्यादा हळू वाटते, आणि रडार कॅमेरे जागोजागी. उंटांच्या पाट्या दिसतात आणि पाटीनंतर खरंच उंटही दिसतात. अंधारात तो रस्ता नको, कारण अंगावर आदळेपर्यंत उंट दिसत नाही. पेट्रोल लिटरला पाव रियालपेक्षा कमी. टाकी भरताना ह्यांना इतका आनंद झाला की गरज नसताना परतीच्या वाटेवरही भरायला लावली.

रात्रीचा मुक्काम वाळवंटातल्या एका कॅम्पवर होता, त्या कॅम्पचा माणूस बिदियाला अडीच वाजता भेटणार होता. पण आधी टायरवाला. डांबर संपायच्या आधी तिथे टायरवाल्यांची रांगच आहे, आणि सगळ्यांचा धंदा हवा काढण्याचा. आमचा टायरवाला केरळचा, हिंदी माझ्यापेक्षा चांगली. पस्तीसवरून अठरावर आणतो म्हणाला. फुस्स आवाज करत चारही चाकं बसकी झाली तेव्हा मला कसंसंच झालं. आपल्याकडे अशा टायरवर गाडी कोण चालवतं? त्याने तळहात जमिनीवर पसरून दाखवला, मग मूठ टेकवून दाखवली. मूठ रुतते, पंजा रुतत नाही. हवा कमी की टायरची टेक लांबते. मात्र मग वेगात वळायचं नाही, टायर रिंगवरून निघतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते. भाड्याच्या करारात लिहिलेलं होतं की डांबरी रस्ता सोडला की विमा लागू नाही. हे वाचलेलं असूनही आम्ही गेलो. कॅम्पवाले स्वतःच्या गाडीतून नेतात, फोर्च्युनर बिदियात ठेवता आली असती. मी शहाणपणा केला असं म्हणणार नाही. फक्त एकटीने गेले नाही, कॅम्पच्या गाडीच्या मागे गेले.

ती गाडी म्हणजे जुनी लँड क्रूझर आणि चालवणारा विशीतला बदू, म्हणजे वाळवंटातल्या टोळीतला, मुलगा, पांढरा पायघोळ झगा, पायात काही नाही. ह्या भागाला वाहिबा म्हणतात, हल्लीचं नाव शर्किया, म्हणजे पूर्वेकडची वाळू. उत्तरेला टेकड्यांच्या लांबच लांब रांगा उत्तर-दक्षिण पसरल्या आहेत, काही शंभर मीटर उंच, आणि मधल्या सखल पट्ट्यातून वाट जाते. पट्टा सोपा. कॅम्पला जायला एक छोटा चढ ओलांडायचा होता. तो मुलगा वर गेला आणि पलीकडे दिसेनासा झाला. मी निम्म्यावर गेले, पुढे नुसतं आभाळ दिसलं, आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला.

झालं. गाडी थांबली ती रुतूनच. मी ॲक्सिलरेटर दाबला, चाकं जागच्या जागी फिरली, मागचा भाग आणखी खाली बसला. काचेतून दिसणारी क्षितिजाची रेघ खाली सरकली. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "गंमत बघ, आपण आत्ता बडोद्याच्याच अक्षांशावर आहोत. एका अंशाचाही फरक नाही, जेमतेम नऊ-दहा मिनिटं." मी काही बोलले नाही. "तिकडे विश्वामित्रीला पूर येतात, मगरी रस्त्यावर येतात, आणि त्याच रेषेवर इथे ही वाळू. मान्सून, सगळा मान्सूनचा खेळ." मी म्हटलं, "अहो, उतरा."

तो मुलगा चालत परत आला. "ब्रेक नहीं," एवढंच म्हणाला, रागावला नाही. उकिडवा बसला, किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्हची पिन दाबून चारही टायरांतली आणखी हवा सोडली. मग चाकांपुढची आणि मागची वाळू हातांनी ओढायला लागला, आम्हीही बसलो. वरची वाळू गरम, चार बोटं खाली गार. ओढावी तेवढी दोन्ही बाजूंनी परत येते. पण हळूहळू चाकाचा खालचा भाग दिसायला लागतो. मला वाटलं आता जोरात पुढे. तो म्हणाला, मागे. ज्या चाकोरीतून आलीस, तिच्यातूनच सरळ मागे, स्टिअरिंग जराही न फिरवता. वाळू तिथे आधीच दाबलेली असते. गाडी एकदा डुलली, दुसऱ्यांदा सुटली. मग खालून एकाच गतीने, ब्रेकला न शिवता, वर. माथ्यावर पुढचं काही दिसत नाही तो क्षण वाईट असतो. मी श्वास धरून होते, हे मोठ्याने अंक मोजत होते, का ते त्यांनाही सांगता आलं नाही. पलीकडे गेल्यावर त्या मुलाने गाडी उतारालाच तोंड करून लावायला सांगितली, सकाळी निघताना जोर लागू नये म्हणून.

संध्याकाळी टेकडीवर बसून बडोद्याहून नेलेला लिला, म्हणजे ओलसर, चिवडा खाल्ला. वारा होता, शेवटच्या मुठीत चिवडा कमी आणि ओमान जास्त होतं. रात्री कडाक्याची थंडी, मी दोन स्वेटर आणि ह्यांची मफलर. उजाडताच निघालो, कारण थंड वाळू घट्ट असते, दुपारी भुसभुशीत होते. कालच्याच चढावरून मी न थांबता उतरले. बिदियात त्याच टायरवाल्याने हवा भरून दिली. पुढचे दोन दिवस सूर शहर आणि समुद्रकिनारा, सगळं डांबरावर.

रुवीत गाडी परत दिली. दुकानदाराने सीटखाली बोट फिरवलं, वाळू पाहिली, हसला. मग फोनवर पोलिसांच्या नोंदी पाहिल्या आणि १५० मधले १० कापून १४० मोजून दिले. वेगमर्यादेचा दंड, एक. मी चिठ्ठी ह्यांच्यापुढे धरली. तारीख बिदियाला जायच्या दिवसाची, वेळ दुपारी १ वाजून ४७ मिनिटं. त्या वेळी माझ्या शेजारचे भूगोल शिक्षक घड्याळ बघत म्हणत होते, "अगं, अडीचला तो माणूस येणार आहे, जरा दाब की."

चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. सासूबाईंना दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तो हे करत होता होय."