लेकरू बोलत नाही? आधी त्याचं बोट बघा

लेकरू वर्षाचं झालं की येणारा-जाणारा दोनच गोष्टी विचारतो: चालायला लागलं का, बोलायला लागलं का. चालण्याचं फार मनावर घेऊ नका. कुणी ११व्या महिन्यात चालतं, कुणी १६व्या. १८ महिने उलटूनही आधाराशिवाय पाऊल टाकत नसेल तर मात्र दवाखाना गाठा. पांगुळगाडा चांगला, कारण लेकरू स्वतः उभं राहून तो ढकलतं. फरशीवर सटकत असेल तर त्यावर किलो-दोन किलो ज्वारीची पिशवी बांधा. आत बसवायचा चाकांचा वॉकर घेऊ नका. त्याने चालणं लवकर येत नाही, पायरीवरून उलटण्याचा धोका तेवढा वाढतो.

बोलण्याच्या बाबतीत मी आधी बोट बघते. पाणी हवं म्हणून रांजणाकडे हात करणं वेगळं. समोरच्या पत्र्यावर वानर आलं, लेकराने बोट दाखवलं आणि लगेच वळून आईच्या तोंडाकडे बघितलं, हे वेगळं. त्याला वानर नकोय, आईनेही ते बघावं एवढंच हवंय. ती वळलेली नजर फार मोलाची. त्याच क्षणी आईने "वानर! वानर उडी मारतंय" म्हटलं की शब्द आणि वस्तू एकत्र डोक्यात बसतात.

मग थांबायचं. मनात पाचपर्यंत मोजायचं. चुकतं ते इथेच. भरल्या घरात चार माणसं एकदम बोलतात, किंवा लेकराने रांजणाकडे बघताच कुणीतरी पेला तोंडाला लावतं. मग त्याने बोलायचं कशासाठी? "पाणी?" विचारा, थांबा, "पा" आलं तरी लगेच द्या. "नीट म्हण" असा हट्ट नको. भाकर-वरण भरवताना मोबाईल लावला तर ही देवघेवच बंद पडते.

समज तपासायची तर हात मांडीवर ठेवा, नजर लेकराच्या चेहऱ्यावर, आणि म्हणा, "चेंडू आण." आपण नकळत चेंडूकडे बघतो आणि लेकरू शब्द न कळता आपल्या नजरेमागे जातं, घरच्यांना वाटतं सगळं समजतं. १८ महिन्यांपर्यंत हे खुणेशिवाय जमायला हवं, आणि आई-बाबा सोडून तीन तरी शब्द यायला हवेत. दोन वर्षांपर्यंत साधारण ५० शब्द आणि "दूद दे", "बाबा गेले" अशी जोडी. तांड्यावर घरात गोरमाटी (बंजारा बोली) आणि बाहेर मराठी असेल तर दोन्हीकडचे शब्द मिळून मोजा. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही.

१८व्या महिन्यात बोट दाखवत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर "त्याचा बापही उशिराच बोलला" म्हणत बसू नका. घरी ताट वाजवून कान तपासला म्हणजे झालं असं नाही. अर्धवट ऐकू येणारं लेकरूही मोठ्या आवाजाला दचकतं, पण बोलण्यातले बारीक आवाज त्याला कळत नाहीत. कानाची बेरा तपासणी करा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे यंत्राने बघतात. आई-बापाचं लग्न मामाच्या किंवा आत्याच्या नात्यात झालेलं असेल तर जरा जास्तच लवकर, कारण नात्यातल्या लग्नात जन्मतः बहिरेपणाची शक्यता वाढते. अंगणवाडीताईंना सांगा, आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी देतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी हे दिवाळीआधीच उरका. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांतच असतो आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातही मिळतो. आई-बाप फडात गेले की कोपीवर (ऊसतोड्यांच्या झोपडीवर) लेकराला बहुतेकदा मोठी बहीण सांभाळते. तिलाही शिकवून ठेवा: त्याने बोट दाखवलं की नाव सांगायचं आणि पाचपर्यंत मोजायचं.