डाव्या हाताची दोन बोटे

नौपाड्यातील आमच्या वर्गात स्कल्प्टेड अ‍ॅक्रिलिक नखांची प्रात्यक्षिक परीक्षा तपासताना मी आधी मॉडेलची नखे पाहते आणि नंतर ती करणाऱ्या मुलीचे हात. यंदा जुलैतल्या परीक्षेत वर्गातील सर्वांत कुशल मुलीच्या हातांशी मी अडले, आणि तिच्याबाबत काय ठरवावे हे मला अजून उमगलेले नाही.

या कामात तयार टिप चिकटवायची नसते. नखाच्या टोकाखाली कागदी फॉर्म, म्हणजे साचा, बसवायचा आणि त्याच्या आधारावर नखाचा वाढीव भाग हाताने घडवायचा. नख आणि फॉर्म यांच्यात फट राहिली तर द्रव खाली उतरतो. फॉर्म बाजूने झुकलेला असला तर तयार नखही झुकलेलेच निघते. मग ब्रश मोनोमर नावाच्या द्रवात बुडवून, भांड्याच्या काठावर निथळून, त्याचे टोक पावडरीला टेकवायचे, म्हणजे टोकावर भिजलेल्या साबुदाण्याएवढा गोळा जमतो. त्याला आम्ही बीड म्हणतो. सारे कौशल्य त्या बीडच्या ओलेपणात आहे. फार कोरडी बीड पसरत नाही, फार ओली बीड कडेच्या कातडीवर ओघळते. पहिली बीड टोकासाठी, दुसरी नखाला सर्वाधिक ताण येतो तिथे उंचवटा देण्यासाठी आणि तिसरी क्युटिकलजवळ, म्हणजे नखाच्या मुळाशी, पण कातडीपासून केसभर अंतर राखून. मिश्रण अर्धवट घट्ट झाले की दोन्ही कडा हलक्या दाबून नखाला कमानीसारखी गोलाई द्यायची. ब्रशच्या दांड्याने टिचकी मारल्यावर टक असा आवाज आला, की नख घासायची फाइल हातात घ्यायची.

बदलापूरहून येणाऱ्या या मुलीचे त्या दिवशीचे काम पाहून मी खरोखर थक्क झाले होते. दहाही नखांचे उंचवटे एका रेषेत होते, आणि अनामिकेवर तिने पांढऱ्या-पिवळ्या अ‍ॅक्रिलिकचा चाफा उभा केला होता. प्रत्येक पाकळीची कड ब्रशच्या टोकाने दाबून इतकी पातळ केलेली, की खालच्या पाकळीचा रंग तिच्यातून दिसत होता. शिकवणाऱ्याला असे काम फार क्वचित पाहायला मिळते.

मग मी तिचा डावा हात उलटा करून पाहिला. अंगठा आणि तर्जनी यांची टोके लाल, कोरडी आणि भेगाळलेली होती, उजवा हात मात्र स्वच्छ होता. विचारल्यावर ती म्हणाली, “मॅडम, भांड्यांच्या साबणाने होतंय. मेडिकलमधून नायट्याचं मलम आणलंय, लावलं की बरं वाटतं.” साबणाने दोन्ही हात बिघडले असते. उजव्या हाताने ब्रश धरणारी मुलगी डाव्या हाताच्या नेमक्या याच दोन बोटांत टिश्यू धरून ओला ब्रश पुसते, आणि टिश्यूत मुरलेला मोनोमर तास न् तास त्या कातडीला लागत राहतो. शिवाय दुकानातून चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या अशा अनेक मलमांत स्टिरॉइड असते. त्यामुळे खाज तात्पुरती शमते आणि मूळ कारण झाकले जाते.

मी तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवले. पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट झाली. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या आणि नंतरच्या तपासणीतही मिथाक्रिलेटची, म्हणजे मोनोमर ज्या रसायनांचा असतो त्यांची, अ‍ॅलर्जी स्पष्ट आली. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. याच कुळातील रसायने जेल पॉलिशमध्ये, दातांच्या फिलिंगमध्ये आणि सांधेबदल शस्त्रक्रियेच्या हाडांच्या सिमेंटमध्येही असतात; म्हणून दंतवैद्याला आणि गरज पडल्यास शल्यचिकित्सकाला तिने हे आधी सांगायला हवे. विशीतल्या मुलीला हे समजावताना माझी मलाच शब्दांची निवड जड गेली.

“ग्लोव्हज घालून केलं तर चालेल ना?” हा तिचा पहिला प्रश्न होता. साध्या नायट्राइल हातमोज्यांतून हे लहान रेणू काही मिनिटांतच आरपार जातात. मला नाही म्हणावे लागले.

आमच्याकडे येण्यापूर्वी तिने दुसरीकडे काही दिवसांचा कोर्स केला होता. तिथे बीड मुद्दाम ओली घ्यायला शिकवतात, कारण ओली बीड आपोआप गुळगुळीत बसते आणि नवख्या मुलीचे काम फोटोत चांगले दिसते. द्रव सुट्या, लेबल नसलेल्या बाटलीतून येई. त्यात काय होते हे आता कळणार नाही. मिथाइल मिथाक्रिलेट, म्हणजेच एमएमए, हा स्वस्त द्रव नखांसाठी वापरल्याने इजा झाल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेत 1974 सालीच एका कंपनीला न्यायालयाने मनाई केली होती. चांगल्या उत्पादनांत त्याऐवजी इथाइल मिथाक्रिलेट असते. मात्र इथाइलही कातडीला लागता कामा नये, आणि कमी दिवसांत प्रमाणपत्र विकणाऱ्या वर्गांत नेमके हेच वगळले जाते. क्युटिकलपाशी सोडलेले केसभर अंतर सौंदर्यासाठी असते, असे तिथून आलेल्या मुली मला सांगतात. ते अंतर ग्राहकाच्या कातडीसाठी असते, आणि टिश्यू घडी घालून टेबलावर ठेवून त्यावर ब्रश पुसण्याची शिस्त स्वतःच्या कातडीसाठी. पावसाळ्यात खिडक्या बंद करून एसी लावला की काळजी मिटली, हा तसाच दुसरा गैरसमज आहे. साधा एसी खोलीतली तीच हवा फिरवतो. मोनोमरची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून ती टेबलाच्या पातळीवरूनच ओढून बाहेर टाकावी लागते.

आता परीक्षेत टिश्यू कसा धरला आणि बीड कातडीला लागली का, यांवर मी चाफ्याइतकेच गुण ठेवले आहेत. काही पालकांना हे जाचक वाटते.

ती मुलगी मात्र अजून फोन करते. कागदी फॉर्मला रसायन लागत नाही, तेव्हा नव्या बॅचला निदान फॉर्म बसवायला शिकवू द्या, असे तिचे म्हणणे आहे. तिच्याइतका नेमका फॉर्म माझ्याकडे दुसरे कोणी बसवत नाही, हे खरे आहे. पण त्याच खोलीत बाकीच्या मुली ताजी नखे घासत असतात, त्यांची धूळ हवेत असते, आणि पापण्यांची कातडी बोटांहून नाजूक असते. फॉर्मचा तास वेगळ्या खोलीत, वेगळ्या दिवशी घेता येईल का, हे मी तिच्या डॉक्टरांना विचारले आहे. त्यांचे उत्तर येईपर्यंत मी तिला हो म्हणणार नाही, आणि आमच्याकडे वेगळी खोली तर आजही नाही.